रविवारी सुट्टी घेणारं गवत

"या रविवारी आपण सेंट अँड्र्यूजला जाऊ या. तिथल्या जुन्या गोल्फ मैदानावर फिरायला," असं सुनेने सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तिकीट किती?"

"फिरायला काहीच नाही, आई. खेळायचं असेल तर तीनशे पौंडांच्या वर. पण रविवारी खेळ बंद असतो. रविवारी ते मैदान सगळ्यांचं."

मी मनातल्या मनात हिशोब केला. तीनशे पौंड म्हणजे आपले तीस हजार रुपये तरी झाले! एका माणसाच्या एका खेळाचे! आणि एवढी कमाई देणारं मैदान हे लोक भर उन्हाळ्यात, ऐन गर्दीच्या हंगामात दर रविवारी बंद ठेवतात? दुकान चालवणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा, तो कपाळावर हात मारून घेईल.

पण आमचे हे मात्र एकदम सरसावून बसले. "मैदानाला विश्रांती देतात?" त्यांनी दोनदा विचारलं. त्यांचा आवाज असा का झाला, ते सुनेला कळलं नाही. मला कळलं. ते पुढे सांगते.

समुद्राने दिलेली जमीन

मुलगा आणि सून स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात राहतात. तिथून बसने निघालं की आधी टे नदीवरचा सव्वादोन किलोमीटरचा पूल लागतो, मग शेतं, मग एकदम समुद्राचा वास येतो आणि दगडी घरांचं सेंट अँड्र्यूज गाव दिसू लागतं. गाव छोटंसं आहे, पण इथलं विद्यापीठ १४१३ सालचं आहे. आणि गोल्फ तर त्याच शतकापासून. १४५७ साली राजा दुसरा जेम्स याने या खेळावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळत बसत! मुलं अभ्यास सोडून खेळतात ही तक्रार किती जुनी आहे पाहा.

तुमच्या डोळ्यांसमोर गोल्फ मैदान म्हटलं की काय येतं? टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार, मखमली, मध्ये तळं वगैरे. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. म्हणून बसमधून उतरून गावाच्या कडेला आलो आणि मैदान पाहिलं तेव्हा मी चक्क म्हणाले, "अगं, हे तर वाळलंय!"

जुलै महिना होता. बरेच दिवस पाऊस नव्हता. समोर पसरलेलं गवत कुठे पिवळट, कुठे खाकी, कुठे भाजलेल्या पोळीसारखं तपकिरी. मधूनमधून हिरव्या चकत्या. चेंडू ज्या भोकात घालायचा ते भोक जिथे असतं, ती हिरवळ म्हणजे या चकत्या. तिला 'ग्रीन' म्हणतात. आणि खेळाडू जिथून चेंडू मारत मारत पुढे जातो तो लांबलचक पट्टा म्हणजे 'फेअरवे'.

सून डंडीजवळच्या एका संशोधन संस्थेत मातीवर काम करते. ती म्हणाली, "वाळलेलं नाही, झोपलंय."

मग तिने जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूचा जो उंचसखल पट्टा असतो त्याला इथे 'लिंक्स' म्हणतात. त्यात पीक येत नाही. पाऊस पडला की पाणी चाळणीतून गळावं तसं खाली निघून जातं. वारा खारा, मातीत कस नाही. अशा जागी टिकतं ते फक्त चिवट, सुईसारख्या बारीक पात्याचं गवत. एकाचं नाव फेस्क्यू, दुसऱ्याचं बेंट. पाणी मिळेनासं झालं की हे गवत पाती सोडून देतं, पण मातीला टेकलेला गाभा आणि खोल गेलेली मुळं जिवंत ठेवतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं मेलं. पाऊस आला की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हिरवं.

२०१८ च्या उन्हाळ्यात इकडे मोठा कोरडा काळ आला होता. त्या जुलैमध्ये टे नदीच्या मुखाच्या पलीकडच्या कार्नूस्टीला गोल्फची सर्वांत मोठी समजली जाणारी 'ओपन' स्पर्धा झाली, ती तपकिरी मैदानावरच. २०२२ मध्ये याच सेंट अँड्र्यूजच्या 'ओल्ड कोर्स'वर १५०वी ओपन झाली, तेव्हाही फेअरवे असेच करडे आणि टणक होते. चेंडू त्यावरून घरंगळत कुठल्या कुठे जाई. जगभरातले कॅमेरे येणार म्हणून पाइप लावून मैदान हिरवं करावं, असं या लोकांना वाटलं नाही.

कमी पाणी देण्याची कला

आपल्याला वाटतं, माळ्याचं काम म्हणजे पाणी घालणं. इथल्या माळ्यांचं कौशल्य कमी पाणी घालण्यात आहे. या गवताला रोज पाणी आणि वरून भरपूर खत दिलं तर ते लाडावतं, मुळं वरच राहतात. शिवाय पाण्यावर पोसणारं दुसरंच एक पसरट, उथळ मुळांचं गवत शिरकाव करतं आणि मूळ गवताला हुसकावतं. मग पहिल्याच कडक उन्हात सगळंच कोलमडतं.

म्हणून उन्हाळ्यात ग्रीनवर माळी पाइप हातात घेऊन फिरतात आणि जिथे खरंच तहान दिसेल तेवढ्याच जागी पाणी देतात. वाळूची आणखी एक गंमत आहे. ती फार कोरडी झाली की पाणी आत घेतच नाही, वरून थेंब घरंगळतात. अशा वेळी आधी पाणी शिरावं म्हणून औषध मारावं लागतं, जमिनीला बारीक छिद्रं पाडावी लागतात. ग्रीनवरचं गवत चार-पाच मिलिमीटरवर कापलेलं असतं, तुमच्या मोबाइलच्या जाडीपेक्षाही कमी. कोरड्या दिवसांत ते कापण्याची उंची थोडी वाढवतात, कधी कापायचं सोडून नुसता रोलर फिरवतात, म्हणजे पात्यावरचा ताण कमी होतो.

आणि वाळू! ग्रीनवर वाळूचा पातळ थर पसरून तो झाडूने गवतात मुरवायचा, ही पद्धत इथे टॉम मॉरिस नावाच्या माणसाने रुजवली. सगळे त्याला 'ओल्ड टॉम' म्हणतात. जन्म १८२१, याच गावातला. चार वेळा ओपन जिंकलेला खेळाडू आणि तरीही पोटापाण्याचा धंदा मैदानाची निगा राखण्याचा. असं सांगतात, की प्रेस्टविकच्या मैदानावर काम करताना त्याच्या हातून वाळूची ढकलगाडी उलटली. वाळू सांडली तिथलं गवत काही दिवसांनी जास्त जोमाने आलं. तेव्हापासून त्याने वाळूचा ध्यासच घेतला. १८६४ मध्ये तो सेंट अँड्र्यूजला परत आला आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं हे मैदान सांभाळलं. रविवारी खेळू द्यायला त्याचा ठाम विरोध होता. माणसाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी, असं त्याचं म्हणणं असे.

हे ऐकून आमचे हे चालता चालता थांबले. "काय म्हणालीस? पुन्हा सांग," ते सुनेला म्हणाले.

इंदूरचं मैदान

आता ती गोष्ट सांगायला हवी. हे इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं पीटीचे सर होते. शाळेचं मैदान म्हणजे काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चिखल. यांनी ठरवलं की इथे गवत करायचं. पहिला पाऊस झाला की मुलांना घेऊन हरळीचे तुकडे रोवायचे. हो, तीच हरळी. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो आणि आपण जिची कोवळी पाती दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो. तुम्हाला माहीत आहे का, आपल्याकडच्या सपाट प्रदेशातल्या बहुतेक गोल्फ मैदानांवरही हीच हरळी किंवा तिच्या सुधारित जाती लावतात? कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो जगातला सर्वांत जुना क्लब. म्हणजे गवत आणि खेळ यांची आपलीही ओळख जुनीच.

हरळीचा स्वभाव इथल्या गवताच्या अगदी उलटा. तिला ऊन हवं. उन्हाळ्यात पाणी मिळालं आणि पावसाळा लागला की ती धावत सुटते, थंडीत मात्र उत्तरेकडे पिवळी पडून झोपते. त्यामुळे आपल्याकडे मैदानाची मोठी डागडुजी, छिद्रं पाडणं, वाळू घालणं हे उन्हाळा-पावसाळ्यात करतात. इथे भर उन्हाळ्यात फक्त सांभाळायचं असतं. दोन्हीकडे नियम एकच. गवत वाढत असेल तेव्हाच त्याला जखम करा, झोपलेलं असेल तेव्हा त्याला तुडवू नका.

रोवणीनंतर हे दोन महिने मैदान बंद ठेवत. दोऱ्या बांधत. मुलं कुरकुरत, पालक तक्रार करत, सहकारी चेष्टा करत. पण दसऱ्यापर्यंत मैदान असं भरून येई की मुलं अनवाणी कबड्डी खेळत. गुडघे फुटणं बंद झालं. एवढंच यांना हवं होतं.

मग शाळेने मैदान लग्नांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पैसा हवा होता, शाळेलाही खर्च असतात, हे मी आज समजू शकते. पण मंडपाचे खांब रोवले गेले, विटांच्या भट्ट्या झाल्या, उरलेलं उकळतं तेल गवतावर ओतलं गेलं. दर लग्नानंतर हे बादलीने पाणी घालत, माती भरत, पुन्हा हरळी रोवत. "निदान लग्नांच्या मध्ये महिनाभर तरी जागा मोकळी ठेवा," एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे घेऊन घरी आले, तेव्हा मला म्हणाले, "मैदान मात्र मी गमावलं." त्यानंतर त्या रस्त्याने जायचं त्यांनी टाळलं. बारा वर्षं.

सशांनी खाल्लेलं मैदान

आम्ही मैदानावर चालू लागलो. खरंच कोणी अडवलं नाही. बाबागाडी ढकलणारे आई-वडील, कुत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, फोटो काढणारी कॉलेजची मुलं. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून गावाचा एक सार्वजनिक रस्ता जातो. इतर दिवशी खेळाडू रस्ता मोकळा होईपर्यंत थांबतात, मग चेंडू मारतात.

हे मैदान गावाचं आहे आणि हा हक्क जुना आहे. १५५२ च्या एका सनदेत इथल्या आर्चबिशपने लोकांचा या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला, त्याच सनदेत तिथे ससे पाळायलाही परवानगी घेतली. हे ससेच पुढे मुळावर आले. १७९७ मध्ये गावाचं दिवाळं निघालं आणि नगर परिषदेने ही जमीन विकली. घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी मांस आणि कातडी यांसाठी तिथे सशांची पैदास सुरू केली. सशांनी मैदान पोखरलं, गवत कुरतडलं. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वीसेक वर्षं कोर्टकचेऱ्या आणि मारामाऱ्या चालल्या. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जवळच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. पुढे १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या हाती आली.

"म्हणजे यांचंही गेलं होतं," हे म्हणाले. "आणि परत आलं."

मैदानाला विश्रांती देण्याच्या यांच्या युक्त्या पाहा. एके काळी हे मैदान एक आठवडा सुलट आणि एक आठवडा उलट दिशेने खेळत. म्हणजे रोज त्याच त्या जागी पाय आणि काठ्यांचे घाव पडत नसत. हिवाळ्यात गवत वाढत नाही, तेव्हा खेळाडूने फेअरवेवरचा चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारायचा. मातीचा ढेकळा उडालाच, तर त्या खड्ड्यात वाळू आणि बियांचं मिश्रण भरतात. या एका मैदानावर वर्षाला चाळीस हजारांहून जास्त खेळ होतात. तरी ते टिकलं आहे, ते या छोट्या छोट्या गोष्टींमुळे.

अठराव्या फेअरवेवर स्विल्कन नावाचा ओढा आहे आणि त्यावर छोटासा दगडी पूल. जगातला प्रत्येक गोल्फप्रेमी या पुलावर उभा राहून फोटो काढतो. आम्हीही रांगेत उभे राहून काढला. त्याची गोष्ट ऐका. फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी पुलाच्या तोंडाशी गवत टिकेचना. वेगवेगळ्या प्रकारचं गवत लावून पाहिलं, कृत्रिम हिरवळही घालून पाहिली. शेवटी २०२३ च्या फेब्रुवारीत व्यवस्थापनाने तिथे दगडी फरशी बसवायला घेतली. त्याचे फोटो पसरले आणि जगभरातून आरडाओरडा झाला. काही दिवसांतच फरशी काढून पुन्हा गवत लावायचं ठरलं.

मी म्हटलं, "फरशीच बरी होती. कटकट मिटली असती."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "फरशीला निगा लागत नाही, हे खरं. पण मग ते मैदान राहत नाही."

मग ते फेअरवेच्या कडेला खाली बसले. गुडघेदुखीमुळे एरवी खाली बसत नाहीत. त्यांनी तपकिरी गवतात अंगठा दाबला, पाती बाजूला सारली आणि मला बोलावलं. वाकून पाहिलं. वाळलेल्या पात्यांच्या तळाशी, मातीला चिकटून, मिलिमीटरभर हिरवा ठिपका. शेजारी आणखी एक. त्यांनी हात झटकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर

सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं स्टेशन ल्यूकर्स, तिथून बस मिळते. एडिंबरोहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. ओल्ड कोर्सवर पायी फिरायचं असेल तर रविवार निवडा, पण आधी चौकशी करा, कारण मोठी स्पर्धा असेल तेव्हा रविवारीही खेळ असतो. ग्रीनवर आणि वाळूच्या खड्ड्यांत पाय टाकू नका. असे बरेच खड्डे आहेत आणि पूर्वी वाऱ्यापासून आडोसा घेणाऱ्या मेंढ्यांनी त्यातले काही केले, असं म्हणतात. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, तरी जाकीट हवंच. मैदानाला लागूनच वेस्ट सँड्सची लांबच लांब पुळण आहे. मुलं बरोबर असतील तर तिथेच रमतील. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोडक्या कॅथेड्रलच्या आवारात ओल्ड टॉमची कबर आहे. आम्ही तिथे गेलो. यांनी चप्पल काढून नमस्कार केला. सून हसली नाही, हे मला आवडलं.

घरी आल्यावर

ऑगस्टच्या मध्यावर आम्ही इंदूरला परतलो. पाऊस चालू होता. दुसऱ्याच दिवशी हे छत्री घेऊन बाहेर पडले आणि त्यांच्या जुन्या शाळेकडे गेले. बारा वर्षांनी पहिल्यांदा. परत आले तेव्हा पायजम्याला चिखल होता.

"अर्ध्या मैदानावर फरशी आहे," ते म्हणाले. "पण कडेला, भिंतीजवळ, हरळी आहे. माझीच असणार."

त्यांनी तिथल्या मुख्याध्यापकांची परवानगी काढून पिशवीभर तुकडे आणले होते. ते आमच्या कॉलनीच्या बागेत रोवले. बाग ती केवढी, दोन बॅडमिंटन कोर्ट मावतील एवढी. पण पद्धत सेंट अँड्र्यूजची. मध्ये दोरी बांधली. एका बाजूला रोवणी, दुसऱ्या बाजूला खेळ. गवत धरलं की बाजू बदलायच्या. पुढे दर सोमवारी बागेला पूर्ण सुट्टी. रविवार दिला असता तर मुलांनी आम्हाला कॉलनीत राहू दिलं नसतं!

कुरकुर झालीच. एका आजींनी विचारलं, "गवताला कसली आलीय सुट्टी?" यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि ओल्ड टॉमच्या ढकलगाडीची गोष्ट सांगितली. आता सोमवारी कोणी दोरीच्या आत पाय टाकला तर त्या आजीच ओरडतात.

दिवाळीच्या आधी पहिली बाजू भरली. त्या दिवशी यांनी दोरी सोडली आणि मुलांना म्हणाले, "चपला बाहेर काढा, आणि पळा."

तुमच्या गल्लीत, सोसायटीत, शाळेत असा एखादा उघडा पडलेला तुकडा असेल. वरून मेलेला दिसेल. एकदा वाकून, पाती बाजूला सारून पाहा. हिरवा ठिपका दिसला, तर फरशी मागवण्याआधी एक दोरी बांधून पाहा. दोन महिने पुरतात.